बटनापाशी कुणी न्हाय

बुधवार पेठ, सोलापूर
ता. २३ एप्रिल २०२५, बुधवार

चिरंजीव यशपाल यास,

तुझ्या आईचा जय भीम. सौ. प्रतिक्षालाबी माझा जय भीम सांग. मी बरी हाय. गुडघा त्याच्या जागी दुखतो, मी माझ्या जागी बसते. पत्रात सुरुवातीलाच कारण लिवायचं असतं, असं आमच्या साक्षरता वर्गाच्या बाईंनी शिकवलं होतं. ते मी खाली कुटंतरी लिवीन, तू हुडकून काढ. आधी बाकीचं.

ऊन लई तापायलंय. रस्त्याचं डांबर चपलेला धरायलंय. तुझी कीर्ती म्हणते आजी, आपण एक कूलर आणू. मी म्हटलं, मला पंखा पुरतो. शेंगा भाजून चटणी कुटलीय, तुझा डबा भरून ठेवलाय. पुण्याला जाणारं कुणी भेटलं की धाडते. न्हायतर तूच ये आणि तूच ने, चटणीला पाय न्हायत.

मी लिवायलीय हे कीर्तीनं बघितलं. वाकून एक ओळ वाचली आणि म्हणाली, "आजी, पत्रात 'हाय' नाही, 'आहे' लिहायचं असतं." मी म्हटलं, "माझ्या पोराला माझा आवाज ऐकू येऊ दे की." हसली, माझा चष्मा माझ्याच पदराला पुसून दिला आणि गेली कामाला. पुढचं तिला वाचू देणार न्हाय.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटंल. फोन तू तोडतोस. पत्र तोडता येत न्हाय. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतंच.

आता गाडीचं. गाडीचं नाव काढलेलं तुला खपत न्हाय, म्हणून आधी तिचं कौतुकच करते, राग यायचा तो एकदाच येऊ दे.

यशपाल, लई गुणाची गाडी हाय रे! पांढरी, जरा पिवळटलेली, टॉवेलच्या एका व्यापाऱ्यानं वापरलेली. कीर्तीनं दारात आणली तवा मी आणि कमलम्मा कट्ट्यावर शेंगा सोलत होतो. कमलम्मा तुला सांगायला नको, तुला पाळण्यात घालून झोके दिलेली बाई. गाडी आली कधी, थांबली कधी, आवाजच न्हाय. कमलम्मा म्हणाली, "अक्का, ही ढकलत आणली का गं पोरीनं?" कीर्ती म्हणाली, "मावशी, हायब्रीड आहे. हळू चालते तेव्हा बॅटरीवर चालते, जोरात चालली की पेट्रोलवर."

हायब्रीड म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढं ज्वारीच आली. आमच्या लहानपणी हायब्रीड ज्वारी निघाली, कणसं ही एवढी भरायची आणि भाकरी मात्र मातीसारखी. खाल्ली तरी पोटाला कळायचं न्हाय. मी म्हटलं, "अगं, घ्यायचीच होती तर आपली गावरान मालदांडी बघायची की, हायब्रीड कशाला आणलीस?" पोरगी एवढी हसली, एवढी हसली की खाली बसली. आता लॅबमधली सगळी पोरं गाडीला मालदांडीच म्हणतात. मालदांडी आली, मालदांडी गेली.

तुझी लेक काय काम करते ते तुला ठाऊक हाय, पण तू ते कधी बघितलं न्हायस, म्हणून सांगते. पहाटे उठून बार्शीला जाती, तितनं कुर्डुवाडीला. तितल्या छोट्या दवाखान्यांत लोकांनी तपासायला दिलेल्या रक्ताच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून दुपारच्या आत सोलापूरच्या लॅबमधी आणती. उशीर झाला तर रक्त वाया. रक्त वाया म्हंजे त्या माणसाला परत सुई. एक दिवस मी बरोबर गेले, डबा मांडीवर धरून बसले. वैरागच्या पुढं एक म्हातारा हात जोडून उभा होता, बायकोचा रिपोर्ट कधी येणार म्हणून. कीर्ती त्याला म्हणाली, "आजोबा, संध्याकाळी मी स्वतः फोन करते." आणि केला. मी बघितलं. गाडीत बसून मी रडले थोडी, पण ते आनंदानं, ते सोडून दे.

आता एक गंमत आणि माझा गाढवपणा. गाडीच्या मागच्या शिटा मळतील म्हणून मी आणि कमलम्मानं तिच्यावर आपली जाड चादर अंथरली. लाल-निळी, मोराची, तुझ्या लग्नातली राहिलेली. सोलापूरची गाडी आणि शीट उघडी? लोक काय म्हणतील? चारी बाजूनं दाबून, चेपून, कोपरे आत खोचून बसवली. कमलम्मा म्हणाली, "आता कशी नवरी दिसायलीय!"

तर नवरीला ताप आला. बार्शीच्या वाटेवर समोरच्या काचेखाली लाल तिकोन पेटला. कीर्तीनं गाडी सावलीला घेतली, मागचं दार उघडलं आणि चादर बघितली. शिटाच्या कडेला एक जाळी हाय, त्यातनं मोठ्या बॅटरीला वारं मिळतं. आमी दोघींनी ती जाळीच चेपून टाकली होती! त्यात आधीचा मालक मागच्या शिटावर टॉवेलचे गठ्ठे घालून हिंडायचा, तर जाळीच्या आत सगळा कापसाचा तूस जमलेला. गादी भरायला पुरेल एवढा. ज्या कापसानं आपल्या घराला जन्मभर खायला घातलं, त्यानंच गाडीचा गळा धरला बघ. ती जाळी आणि आतला पंखा कीर्तीनं सोडवून ब्रशानं साफ केला. त्यात करंटचं काय न्हाय, झाडू मारण्यासारखं काम. तिकोन गेला. मी पेढे वाटणार होते, कमलम्मा म्हणाली थांब.

थांबले ते बरं केलं. आठवडा गेला न्हाय तर तिकोन परत आला.

मग सुरू झालं हिंडणं. अक्कलकोट रोडचा धुळा मिस्त्री आपला जुना माणूस. त्यानं बोनेट उघडलं, आत जाड जाड केशरी वायरी बघितल्या आणि हात पाठीमागं बांधून उभा राहिला. म्हणाला, "आजी, ही गाडी म्हंजे दोन बायकांचा दादला. पेट्रोलवाली रुसली तर मी समजूत घालीन. पण ह्या केशरी साडीवालीच्या वाटंला मी जात न्हाय. माझी एकच हाय, ती मला जिवंत पाहिजे." मी म्हटलं, "धुळा, तुझ्या एकीला विचारून बघ, पाहिजे का म्हणून." हसला बिचारा. पण खोटं बोलला न्हाय, बघतो म्हणून गाडी ठेवून घेतली न्हाय, हे मला आवडलं.

मोठ्या शोरूमवाल्यांनी सांगितलं, आतला बॅटरीचा सगळा डबा काढायचा, नवीन बसवायचा. तेवढ्यात अर्धी गाडी येईल. विकायला काढावी तर तिकोन पेटलेली गाडी कोण घेणार? भंगारवाला. गाडी गेली की बार्शीची फेरी दुसऱ्याला देणार असं लॅबच्या साहेबांनी गोड बोलून सांगितलं. आणि फेरी गेली की कीर्ती पुण्याला येणार, तुझ्याकडं. तुला तेच पाहिजे, मला ठाऊक हाय. मग मी हितं एकटी. ह्यात माझा स्वार्थ हाय, तो मी लपवत न्हाय.

त्यात पोरीला कळलं की डब्यात एक बॅटरी नसतीच. लहान लहान पुष्कळ असतात, पुस्तकं उभी मांडावी तशी. त्यातली एखाद-दुसरी गेलेली असते आणि सगळी गाडी आजारी पडते. गेलेली तेवढी काढून दुसरी बसवता येती. मोबाइलवर परदेशातला एक म्हातारा आपल्या अंगणात बसून ते करतो. मला दाखवलं. म्हातारा करताना शीळ घालतो. मला त्याची शीळ आवडली, काम आवडलं न्हाय. कीर्तीनं त्याचं सगळं वहीत उतरवून घेतलं, सुरुवातीला काय करायचं, कशाला शिवायचं न्हाय. रोज दुपारी गाडीच्या मागं बसून त्या डब्याकडं बघायची. शिवायची न्हाय, नुसतं बघायची.

मग एक दिवस माझ्यापुढं येऊन बसली. म्हणाली, "आजी, आजोबा करंटनं गेले हे मला माहीत आहे. म्हणून तुला विचारल्याशिवाय मी डबा उघडणार नाही. तू नको म्हणालीस तर गाडी भंगारात देते, परत विषय काढत नाही. तू सांगशील ते."

बघ म्हंजे. एवढी शिकलेली पोरगी, आणि निकाल माझ्या ओटीत घातला. मी म्हटलं, "मला दमानं विचार करू दे." ती म्हणाली, "पप्पांनाही विचारते." मी म्हटलं, विचार.

जयंतीच्या संध्याकाळी तिनं तुला फोन केला. तू यंदा आला न्हायस, रजा मिळाली न्हाय म्हणालास, ते मी धरलं खरं. बाहेर मिरवणुकीचा आवाज होता म्हणून पोरीनं फोन मोठ्यानं ठेवला होता, सगळं मला ऐकू आलं. तू तसा शांतच ऐकत होतास. व्होल्ट किती, हातमोजे कसले, असं पण विचारलंस. मला वाटलं, आता हा हो म्हणतो. मग ती म्हणाली, "आणि पप्पा, मी एकटी नसेन. आजी बटनापाशी उभी राहील, मी सांगेन तेव्हा..."

पुढं तिला बोलूच दिलं न्हायस.

"कुणाला उभं करू नकोस तितं! कुणालाबी उभं करायचं न्हाय!" आणि फोन बंद.

तवापासून तू फोन घेत न्हायस. पोरीला वाटतं, आपण मुलगी म्हणून पप्पांना भरवसा न्हाय. मी तिला काय सांगितलं न्हाय.

हितं थांबते. कमलम्मा चहाला आलीय, आणि मला डोळ्यानं दिसायचं कमी झालंय.

गुरुवार

काल लिवायला बसलेच न्हाय परत. शेंगा निवडल्या, भांडी घासली, घासलेली परत घासली. आज पोरगी बार्शीला गेलीय लॅबच्या दुसऱ्या गाडीनं, घरात मी एकटी. कारण हुडकून काढ म्हटलं होतं ना, ते आता येतं.

यशपाल, पुण्याला गेल्यापासून तू "तिथं" म्हणतोस. "आहे" म्हणतोस, "नाही" म्हणतोस. चांगलं हाय, नोकरीत तसंच पाहिजे. पण त्या दिवशी फोनवर तू "तितं" म्हणालास. तो पुण्याचा यशपाल नव्हता. तो तिसरीतला होता. आणि तू करंटला शिवू नको म्हणाला न्हायस. कुणाला उभं करू नको म्हणालास. मी चपलेतच उभी होते, तितंच खाली बसले. मला वाटलं होतं तू ते विसरलास. इतकी वर्षं मी तेच धरून चालले होते, की लेकरू लहान होतं, त्याला काय कळलं न्हाय, विसरलं.

तू विसरला न्हायस. म्हणून आता लिवते.

तुझे दादा, माझे मालक, गिरणीत होते. साहेबाच्या बंगल्यावरनं मोडका कूलर काढला तो त्यांनी डोक्यावर घेऊन आणला. पत्र्याचा, हिरवा. आख्ख्या गल्लीत पहिला कूलर. जुनं आणायचं आणि आपल्या हातानं नीट करायचं, ही त्यांची खोड. कीर्तीत ती कुटनं आली ते मला विचारू नको. त्या दिवशी मी कारखान्यात टॉवेलच्या दशा कापायला गेलेले. घरात तुमी दोघं. त्यांनी पाणी भरलं, पाय ओले, हात आत. तुला बटनापाशी स्टुलावर उभं केलं. आणि सांगून ठेवलं, मी "लाव" म्हटलं की लाव.

तेवढ्यात कमलम्माचं करडू दारातनं आत शिरलं, पिठाच्या परातीकडं. ती त्याच्या मागं पळत उंबऱ्यापर्यंत आलेली. तिनं बघितलं, तिनं ऐकलं. दादांनी मान वळवून दाराकडं बघितलं आणि ओरडले, "लाव, लाव!"

दार लाव म्हणत होते.

तू बटन लावलंस.

मला हे कमलम्मानं त्याच आठवड्यात सांगितलं. दाराकडं बघून म्हणाले, करडाला बघून म्हणाले, असं दहादा सांगितलं, आणि छाती बडवून घेतली की माझ्या करडामुळं झालं. पोलीस आला, तवा तिनं एवढंच सांगितलं की हात ओले होते. तुझं नाव घेतलं न्हाय. मी पण घेतलं न्हाय. तू पण कधी काय बोलला न्हायस. तिघांनी मिळून ते पुरून टाकलं. मला वाटलं, न बोललं की ते उगवणार न्हाय.

तवापासून तो शब्द मी ह्या घरात येऊ दिला न्हाय. आठवून बघ. दार ओढून घे म्हटलं, दिवा पेटव म्हटलं, पंखा चालू कर म्हटलं. कुलूपसुद्धा घाल म्हटलं. प्रतिक्षा लग्न होऊन आली तवा म्हणायची, आत्यांची बोली निराळीच हाय. हाय निराळी. तुझ्या कानावर तो पडू नये म्हणून मी आख्खी भाषा वळवून घेतली. आज लिवला, तो बी चार-पाचदा. काय झालं न्हाय, पेन चाललं.

आता ऐक. मी तुझी आई हाय, त्यांची बायको हाय. तिसऱ्या कुणाला ह्यात बोलायचा हक्क न्हाय, म्हणून मीच बोलते. बापानं लेकराला सांगितलं, मी हे म्हटलं की तू ते कर. बाप ते म्हणाला, लेकरानं ते केलं. ऐकणारं लेकरू होतास. एका शब्दाला दोन अर्थ, आणि तिसरीतल्या पोरानं त्यातला बरोबर तो निवडायचा होता का? मोठं माणूस असतं तर त्यानं पण तेच केलं असतं. मी असते तर मी केलं असतं. तुझ्यावर मी एक दिवस राग धरला न्हाय. एक घटका न्हाय. राग नव्हता म्हणून बोलले न्हाय, आणि बोलले न्हाय म्हणून तुला वाटलं असंल की आईला ठाऊकच न्हाय, कळलं तर काय करंल. आईला ठाऊक होतं. ठाऊक असून तुला रोज रात्री कुशीत घेतलं.

पाणी पिऊन आले.

आता गाडीचा निकाल, कारण तो अजून माझ्या ओटीतच हाय.

तुझा फोन झाल्यावर मी चार दिवस "नको" वरच होते. कीर्तीला म्हणणार होते, दे भंगारात. पण माझ्या मनात आलं, मी नको म्हटलं तर ते गाडीसाठी न्हाय, त्या हिरव्या कूलरसाठी. पोरीनं मला गाडीबद्दल विचारलं होतं. मग मी म्हटलं, "कीर्ती, मोबाइलमधल्या म्हाताऱ्यावर मी नातवंड सोपवणार न्हाय. ह्यातलं जाणणारं जितंजागतं माणूस दाखव." तिनं हुडकलं. ऋतुजा मॅडम म्हणून हायत, आयटीआयमधी बॅटरीच्या गाड्यांचं शिकवतात. तुझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या, पण आवाज मास्तरणीचा. कीर्तीनं सगळा बेत सांगितला, तर मॅडम म्हणाल्या, "घरात, अंगणात, एकटीनं? अजिबात नाही. वहीत लिहिलंस म्हणजे आलं का? आधी माझ्या वर्गात बस, मग बघू." पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं. मी म्हटलं, बाई, तुमी माझ्याच.

वर्गात बसली. परवा मॅडमनी मला पण बोलावलं, आजींनी बघावं म्हणून. शेडात त्यांची शिकवायची गाडी होती, आपल्या मालदांडीची बहीण. मी आपली सवयीनं विचारलं, "मॅडम, बटनापाशी कोण उभं राहतं?"

मॅडम म्हणाल्या, "कोणीच नाही, आजी."

त्यांनी मागच्या डब्यातनं एक केशरी खिट्टी ओढून काढली, मुठीएवढी. म्हणाल्या, ही काढली की डब्याचा आणि गाडीचा संबंध तुटतो. आणि ही टेबलावर ठेवायची न्हाय, दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाय. ज्याचे हात आत जाणार, त्याच्याच खिशात. त्यानं काम संपवून, हात बाहेर काढून, स्वतः परत बसवल्याशिवाय ती गाडी चालू करणं कुणाच्या हातात नसतं. मग थांबायचं, आत मुरलेला करंट जाऊ द्यायचा. मग मीटरनं बघायचं. डब्याच्या आत तरीपण करंट असतोच, म्हणून जाड रबरी हातमोजे, अंगठी-बांगडी काढून ठेवायची, आणि मॅडम स्वतः शेजारी.

मी म्हटलं, "म्हंजे कुणी कायबी ओरडलं तरी?"

"कोणी काहीही ओरडलं तरी," मॅडम म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरून ठेवला बराच वेळ. त्यांना वाटलं, म्हातारीला चक्कर आली, खुर्ची दिली.

मॅडमनी आणखी एक खरं सांगितलं, ते पण सांगते, लपवत न्हाय. म्हणाल्या, एक-दोन बदलल्या तरी बाकीच्या जुन्याच, वर्षा-दोन वर्षांत दुसरी कुठली तरी जाईल. कायमचं काम हे न्हाय. कीर्ती म्हणाली, चालेल, तोवर फेरी चालू राहील. मी म्हटलं, मलाबी डॉक्टरनं गुडघ्याचं असंच सांगितलंय, मी चालायचं बंद केलं का?

तर यशपाल, मी व्हय म्हटलं. पोरीनं स्वतः करायचं, पण एकटीनं न्हाय आणि घरी न्हाय. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी, मॅडमच्या शेडात. तुला विचारत न्हाय, सांगायलीय. रागवायचं तर माझ्यावर रागव, तिनं माझा शब्द पाळला.

दादांचं कूलरचं तिला ठाऊक हाय. बटनाचं न्हाय. ते मी सांगितलेलं न्हाय आणि मरेपर्यंत सांगणार न्हाय. ते तुझं हाय, सांगायचं तर तू सांग. पण मुलगी म्हणून बापाला भरवसा न्हाय, हे जे तिच्या डोक्यात बसलंय, ते माझ्यानं निघत न्हाय. ते तुझ्याच तोंडानं निघंल.

रविवारी ये असं मी म्हणत न्हाय. तुझ्यानं बघवणार न्हाय, तर नको येऊस. आलास तर तुला कुटंबी उभं करणार न्हाय. शेडाच्या दारात पिंपळाची सावली हाय, मॅडमनी तितं माझ्यासाठी खुर्ची ठेवायची म्हटलंय. दोन ठेवा म्हणून मी सांगितलंय. दुसरीवर कमलम्मा बसंल म्हणून त्यांना वाटतं. कमलम्मा आली तवा तिला मी हे पत्र हितंवर वाचून दाखवलं. तिनं पदर तोंडाला धरून ऐकलं, आणि शेवटी म्हणाली, "अक्का, मी रविवारी घरीच बसते."

प्रतिक्षाला हे पत्र दाखव. एकट्यानं कपाटात ठेवू नकोस.

आणि पोरीला फोन लाव.

तुझी आई,
नागूबाई हरिदास सरवदे